कव्हरवरची बाई

"रीटा गेली," टीव्हीवरचा श्रीधर इंग्रजीत म्हणाला आणि त्याने चष्मा काढून डोळे टिपले. "अगदी तरुण वयात गेली. गोव्याची पोर. कावीळ झाली तिला. मी स्वतः तिच्या कबरीवर आमची रेकॉर्ड ठेवून आलो."

सोफ्यावरचा खराखुरा श्रीधर पडद्यावरच्या स्वतःकडे बघत समाधानाने मान डोलवत होता. शेजारी त्याची बायको मधुवंती मांडीवर हात ठेवून बसली होती. त्यांचा मुलगा निमिष रिमोट घेऊन उभाच होता. बर्लिनच्या एका रेकॉर्ड कंपनीला वडिलांचा पत्ता यानेच दिला होता, त्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स पुन्हा काढायचा करारही यानेच जमवला होता, आणि उद्या सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या रेकॉर्डच्या दुकानात होणाऱ्या समारंभाची धावपळही याचीच. त्याची आतेबहीण इशिता खाली गालिच्यावर बसून त्या कंपनीने मामावर काढलेली फिल्म बघत होती. आणि इशिताची आई, म्हणजे श्रीधरची धाकटी बहीण दमयंती, जेवणाच्या टेबलाशी मठ्ठ्याचे पेले भरत होती. तिचा हात तसाच तिरका राहिला. पेला भरून मठ्ठा टेबलावर आला, टेबलावरून टाइल्सवर टपटपला, तरी तिला पत्ता नव्हता.

"कोण गेली?" तिने विचारलं.

कोणाचं लक्ष नव्हतं. टीव्हीत आता ठेका सुरू झाला होता. आधी ढोलकी, मग तिच्या अंगावर चढून आल्यासारखा सिंथेसायझर, आणि त्यावर एका बाईचा भरदार, जरासा घोगरा आवाज. पडद्यावर सोनेरी झग्यातल्या एका गोऱ्यापान तरुणीचा फोटो झळकत होता.

"निमिष, ते बंद कर."

पुण्याच्या शाळेत दमयंतीने अनेक वर्षं मुख्याध्यापकी केली होती. तो स्वर ऐकताच निमिषने काय, कशाला न विचारता बटण दाबलं.

"दादा, कोण गेली म्हणालास?"

"अगं, रीटा गं," श्रीधर हसत म्हणाला. "फिल्म आहे ती, दमू. त्या बर्लिनच्या पोरांना गोष्ट हवी असते. गायिका अकाली गेली म्हटलं की ऐकणारा हळहळतो."

"रीटा मी आहे."

इशिताने गर्रकन मान वळवली. "आई?"

"हो, मी. ही जी आत्ता गात होती ना, ती मी. तो फोटो कुठल्याशा हवाईसुंदरीचा आहे. तिला एक ओळ गाता येत नव्हती. आणि कावीळ मलाच झाली होती. बरी झाले मी." दमयंती टेबलाला वळसा घालून भावासमोर येऊन उभी राहिली. "तू माझी कबरसुद्धा बांधलीस?"

श्रीधर कारखानीसला आज जगभरचे डिस्कोवेडे गुरू मानत होते, आणि ते उगाच नव्हतं, हे दमयंतीइतकं कोणाला ठाऊक असणार? लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात स्पीकर विकणारा हा मुलगा बंदरात उतरणाऱ्या खलाशांकडून विलायती रेकॉर्ड्स मिळवायचा. तो ठेका त्याच्या डोक्यात असा काही बसला, की आपल्या ढोलकीला तो जोडल्याशिवाय त्याला चैन पडेना. गिरगावात बंद पडलेल्या एका छापखान्याची खोली त्याने घेतली, भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या आणि दारावर पाटी लावली: ठिणगी रेकॉर्ड्स. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला, तमाशाच्या फडातून आलेला ढोलकीवाला, आणि गायला बहीण. बहीण अशासाठी, की गायिका आणायची ऐपत नव्हती. मोठ्या कंपन्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. मग तो स्कूटरवर रेकॉर्ड्सचे गठ्ठे बांधून स्वतः हिंडला, इराण्यांच्या हॉटेलांत, गणपतीच्या मंडपांत, कॉलेजच्या गॅदरिंगांत. लोक आधी हसले आणि मग नाचले. पुढच्याच मोसमात ज्याने त्याने तोच ठेका उचलला. पुढे चोरट्या कॅसेट्सनी ठिणगीचं दिवाळं काढलं, श्रीधर विस्मृतीत गेला, आणि आता म्हातारपणी मुलाकडे सिंगापूरला आल्यावर परदेशातल्या पोरांनी त्याला शोधून काढलं.

रीटा हे नाव वडिलांच्या धाकापायी आलं होतं. आप्पांना कळलं असतं तर त्यांनी दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. दमयंतीची त्याला ना नव्हती. ती तेव्हा चोविशीची होती, आणि त्या गाद्या टांगलेल्या खोलीत, घामाने निथळत, माइकसमोर उभं राहणं यापलीकडे तिला काही नको होतं.

"आई, तू मला कधी सांगितलं नाहीस," इशिता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या लॅबमधली मुलं हे गाणं लावतात! मी त्यांना सांगते, माझ्या मामाचं आहे. आणि तू? इतकी वर्षं गप्प?"

"तुझ्या बाबांना चालत नव्हतं म्हणून गप्प."

"बाबांना?" इशिताला हसूच आलं. "बाबांना काय चालत नव्हतं? मी नाटकात काम करायला लागले तेव्हा बाबा पहिल्या रांगेत येऊन बसायचे."

"ते तुझ्या बाबतीत. बायकोच्या बाबतीत माणसं वेगळी असतात."

मधुवंती सोफ्यावर चुळबुळली. श्रीधरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "जाऊ दे ना आता. दीनानाथराव गेले, आप्पा गेले. कशाला उकरून काढायचं? उद्याचा दिवस चांगला जाऊ दे. माझं किती राहिलंय आता?"

"आत्या, प्लीज," निमिष मध्ये पडला. "बाबांच्या हार्टचं तुला माहितीये. उद्या बर्लिनहून माणसं येतायत, कार्यक्रमाची सगळी तिकिटं गेलीत. रेकॉर्ड छापून आली, फिल्म तयार झाली. आता रीटा जिवंत आहे म्हटलं तर बाबा खोटे पडतील. सगळ्यांसमोर."

"खोटा आहेच तो."

"अगं, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी?"

"कबर आत्ता बांधली, निमिष. या वर्षी. मी पुण्यात जिवंत असताना." दमयंतीने हात पदरात गुंडाळले. "याने फोन करून विचारलं असतं, दमू, आता तरी तुझं नाव सांगू का? तर मी काय म्हणाले असते? यांना जाऊनही पाच वर्षं झाली. कोणाची भीती होती आता?"

"तू नाही म्हणाली असतीस," श्रीधर म्हणाला.

"विचारलंस?"

"मी ओळखतो तुला."

"काही ओळखत नाहीस. लग्नानंतर मी स्वतः येऊन तुला सांगितलं होतं, दादा, पुढच्या रेकॉर्डवर माझं नाव घाल. नुसतं दमयंती घाल, आडनाव नको. तर आठवड्याभरात तू दारात. म्हणे दीनानाथराव भेटले होते. म्हणाले, आमच्या घरात गाणंबिणं चालायचं नाही, आणि तिच्यापाशी विषयही काढू नका, मला बोलायची लाज वाटते. मी त्या दिवशी तोंडाला कुलूप लावलं ते आजतागायत."

"मग? मी काय करणार होतो?" श्रीधरने हात पसरले. "नवऱ्याने नाही म्हटल्यावर भाऊ काय करणार?"

"पुरे!"

हे मधुवंती म्हणाली. चौघांनीही तिच्याकडे बघितलं, कारण या घरात मधुवंतीचा आवाज कधी इतका वर गेला नव्हता. श्रीधरच्या गोष्टी रंगायला लागल्या की ती आत जाऊन चहा टाकायची. आजही ती उठली होती, पण स्वयंपाकघराकडे गेली नाही.

"मधू, तू बस," श्रीधर म्हणाला.

"नाही बसत. मेलेल्या माणसाच्या माथी किती मारायचं, अहो? दमू, दीनानाथरावांनी नाही म्हटलंच नव्हतं. ते आमच्याकडे आले होते. मी चहा दिला त्यांना. ते म्हणाले, ती हल्ली गात का नाही? माझ्याकडून काही अडचण वाटत असेल तर तिला सांगा, मला आवडेल ती गायली तर. असं म्हणाले. या माणसाने त्यांना सांगितलं, तिचीच इच्छा उरली नाही, विषय काढू नका, तिला त्रास होतो."

"का?" दमयंतीने विचारलं. वहिनीला नव्हे, भावाला.

उत्तर मधुवंतीने दिलं. "तुझं नाव घातलं असतं तर तू दुसऱ्या कंपनीत गेली असतीस. दोन कंपन्या रीटाला शोधत होत्या. रीटा यांची होती. दमयंतीला कोणीही नेलं असतं."

"ठिणगी मी उभी केली होती!" श्रीधर एकदम उसळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "उपाशी राहून उभी केली! त्या खोलीत झोपलो मी, ढेकणांत! तुला माइकसमोर कोणी उभं केलं? मी! तुझा आवाज घोगरा आहे म्हणून रेडिओवाल्यांनी परत पाठवलं होतं तुला. त्या घोगऱ्या आवाजाखाली कुठला ठेका लावायचा ते मला कळलं! मला! आणि ते मोठे कंपनीवाले येणार आणि आयती घेऊन जाणार?"

"मग तू गप्प केलंस मला. दुसऱ्याकडे गाऊ नये म्हणून तुझ्याकडेही गाऊ दिलं नाहीस."

"मला वाटलं, वर्ष-सहा महिन्यांत समजूत काढू. मग कॅसेटवाल्यांनी धंदाच बसवला."

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला समोरचा श्रीधर दिसतच नव्हता. तिला सदाशिव पेठेतल्या घरात टेपरेकॉर्डर घेऊन आलेले दीनानाथ दिसत होते. नवा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून ते संकोचाने म्हणाले होते, "गा की काहीतरी, भरून ठेवू." आणि ती फणकारली होती, "आता बरं चालतं तुम्हाला?" त्यांचा चेहरा पडला होता. कशाने, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नसणार. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्या माणसावर आतून एक अढी धरली होती. त्याच्या शेवटच्या आजारात उशाशी बसतानासुद्धा ती अढी सुटली नव्हती.

"इशिता, पर्स घे," ती म्हणाली.

"आत्या, जेवण..." निमिष म्हणाला.

"वाढून घ्या."

क्लेमेंटीला इशिताने भाड्याने घेतलेल्या खोलीकडे दोघी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, निघाल्या. गाडीत गर्दी नव्हती. इशिता म्हणाली, "मीपण चिडलेय तुझ्यावर. तू बाबांना सरळ विचारायचं होतंस."

"हो."

"एकदा तरी."

"हो म्हटलं ना!" दमयंती एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी फोनमधून मान वर काढली. "नाही विचारलं. भावावर विश्वास ठेवला आणि नवऱ्यावर नाही. आता सांग, ते कुठे जाऊन विचारू?"

इशिताने आईचा हात धरायला हात पुढे केला. दमयंतीने तो धरू दिला, पण तिची मूठ काही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निमिषचा फोन आला. बाबा रात्रभर झोपले नाहीत, तू येऊ नकोस, त्यांना सहन होणार नाही, असं त्याने आडून आडून सांगितलं. त्याच्यापाठोपाठ मधुवंतीचा आला. ती एवढंच म्हणाली, "तू ये. मी पुढे जागा धरून ठेवते."

तांजोंग पगारच्या त्या जुन्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा धाटणीच्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ऑफिसांतली पोरं सुट्टीच्या दिवशी चपला घालून आली होती. चिनी, मलय, तामिळ, दोन-चार गोरे आणि आपली मराठी मंडळीही बरीच. एका लांब टेबलावर नव्या रेकॉर्ड्सच्या चळती होत्या आणि प्रत्येक कव्हरवर सोनेरी झग्यातली ती बाई हसत होती. दुकानाचा मालक डेरिक तान हा तिशीचा मुलगा. त्याने श्रीधरला उंच खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या पाया पडल्यासारखं वाकून माइक हातात दिला. श्रीधरने रेशमी झब्बा घातला होता. काल रात्रभर न झोपलेला माणूस तो वाटत नव्हता. खलाशांच्या, ढेकणांच्या, स्कूटरच्या गोष्टी त्याने अशा रंगवल्या की लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतली दमयंतीसुद्धा एकदा हसली आणि त्याचा तिला मनस्वी राग आला.

मग डेरिकने विचारलं, "अंकल, टेल अस अबाउट रीटा."

श्रीधरची नजर खाली आली. बहिणीच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबली. तिला वाटलं, आता सांगेल. नाही म्हटलं तरी तिच्या मनात आलंच, हा माझा दादा आहे, सांगेल.

"रीटा," श्रीधर माइकमध्ये हळूच म्हणाला आणि त्याने चष्मा काढला, "रीटा वॉज अ पुअर गर्ल फ्रॉम गोवा..."

दमयंती उठून उभी राहिली. तिला माइकची गरज कधीच नव्हती, ना तेव्हा, ना शाळेच्या मैदानावर.

"मी रीटा," ती इंग्रजीत म्हणाली. "माझं नाव दमयंती. मी याची सख्खी बहीण. या सगळ्या रेकॉर्ड्सवर मी गायले आहे. मला कावीळ झाली होती, त्यातून मी उठले. कव्हरवरची बाई कधी गायलीच नाही. आणि माझा भाऊ तुमच्याशी खोटं बोलतोय."

निमिष भिंतीशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. डेरिक पुटपुटला, "रियली आह, आंटी?"

आणि मग श्रीधर कारखानीस हसला. मोठ्याने, मोकळेपणाने, दोन्ही हात पसरून. "लेडीज अँड जंटलमेन," तो म्हणाला, "हेच सरप्राइज होतं! इतकी वर्षं राखून ठेवलेलं! माय सिस्टर! द व्हॉइस ऑफ ठिणगी!"

अख्खी खोली टाळ्यांनी दणाणली. पोरं शिट्ट्या मारू लागली, फोन वर झाले. श्रीधर खुर्चीवरून उतरून तिच्याकडे मिठी मारायला निघाला. तिला तो मनापासून हसताना दिसला आणि त्यानेच ती हादरली. हे पचवायला त्याला एक क्षणही लागला नव्हता. तिची कबर त्याने खपवली होती, आता तिचं जिवंत असणंही खपवत होता.

"हात लावू नकोस," ती मराठीत म्हणाली.

"दमू, लोक बघतायत," तो ओठ न हलवता म्हणाला. "हस जरा. तुला हवं होतं ते झालं ना?"

"मला हवं होतं ते तू विचारलंस कधी?"

"सिंग, आंटी! सिंग!" मागून ओरडा सुरू झाला. कोणीतरी ठेका लावलासुद्धा. ढोलकी सुरू झाली. श्रीधरने तिच्यापुढे माइक धरला.

"नाही," ती म्हणाली. "गाणार नाही. याच्या हातातल्या माइकवर तर नाहीच."

तिने माइक बाजूला सारला आणि थेट त्या लांब टेबलापाशी गेली. डेरिकने सह्यांसाठी एक जाड काळं मार्कर पेन काढून ठेवलं होतं, श्रीधरसाठी. तिने खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि वरची रेकॉर्ड पुढ्यात घेतली. सोनेरी झग्यातल्या बाईच्या तोंडावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फळ्यावर लिहायची तशा ठळक देवनागरीत तिने लिहिलं: दमयंती दीनानाथ पटवर्धन. ती बाजूला ठेवली आणि दुसरी ओढली.

"अगं, कव्हरं खराब होतायत," निमिष धावत आला. "आत्या, बर्लिनच्या लोकांना काय सांगू?"

"नाव वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव."

मधुवंती कधी उठली ते कोणाला कळलं नाही. ती येऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि एकेक रेकॉर्ड दमयंतीपुढे सरकवायला लागली. इशिताने लिहून झालेल्या रेकॉर्ड्सची शाई वाळावी म्हणून त्या बाजूच्या कपाटावर उभ्या मांडल्या. बघता बघता रांग लागली. पहिला नंबर एका शेंडीवाल्या चिनी पोराचा होता. त्याने कव्हरवरच्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवून विचारलं, हे कसं म्हणायचं? इशिताने सांगितलं. त्याने दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट म्हटलं.

थोड्या वेळाने श्रीधर टेबलापाशी आला. हॉलमध्ये आता त्याच्याभोवती कोणी नव्हतं. त्याने रांगेकडे पाहून हसून मान लववली. लिहून झालेली एक रेकॉर्ड उचलली, ती वाचली, आणि बहिणीच्या नावाखाली कोपऱ्यात रिकामी राहिलेली जागा त्याला दिसली.

"दमू," तो म्हणाला, "पेन दे जरा. खाली मी सही करतो. दोघांची झाली म्हणजे बरं दिसेल."

दमयंतीने मान वर केली नाही. वहिनीने सरकवलेली पुढची रेकॉर्ड तिने पुढ्यात घेतली.

"दुसरं शोध," ती म्हणाली आणि लिहायला लागली.